मोडणारा फावडा

जमिनीत पुरलेली धातूची वस्तू शोधायचं मशीन मी दोन दिवसांत घेतलं. फोनवर पाहिलं, बोट दाबलं आणि चौथ्या दिवशी भंडाऱ्यात आमच्या दारात खोकं हजर. पण मशीन वाजल्यावर खणायचं कशाने? त्यासाठी लागणारा घडीचा फावडा निवडायला मला दिवाळीपासून होळीपर्यंतचा वेळ लागला. आमच्या घरात त्या काळाला अजून 'फावड्याचं साल' म्हणतात. म्हणजे बायको म्हणते. घरात आम्ही दोघंच आहोत.

घडीचाच का, तर मी भंडाऱ्यात राहतो आणि खणायचं होतं लाखांदूरच्या अलीकडे, आमच्या गावच्या वावरात. एसटीनं जायचं. खांद्यावर लांब दांड्याचा फावडा घेऊन साठी ओलांडलेला रिटायर गुरुजी बसमध्ये चढला, तर कंडक्टरपासून मागच्या बाकावरच्या म्हातारीपर्यंत सगळे विचारणार, "कोठी चालले गुरुजी?" मला तोच प्रश्न नको होता. पिशवीत मावेल आणि वरून टॉवेल टाकला की दिसणार नाही, असा फावडा मला हवा होता.

आता खणायचं काय होतं तेही सांगून टाकतो. पन्नासावर वर्षं सांगितलं नाही म्हणून तर ही सगळी भानगड झाली.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात, आणि त्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी चाकांवर ओढत आणतात. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माझ्या नंदीला शिंगांना बेगड होती, पाठीवर झूल होती, पण गळा मोकळा होता. शेजारच्या पोराच्या नंदीला पितळी घुंगरांची माळ. माझं सगळं दुःख त्या माळेत होतं.

माझी थोरली बहीण तेव्हा चौदाची. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, मीही तिला बाईच म्हणतो. पोळ्यासाठी आईनं तिला आपल्या चांदीच्या तोरड्या घालायला दिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायात तशाच ठेवून बाई बांधीत निंदायला गेली. बांधी म्हणजे आमचं धानाचं शेत, गुडघ्याएवढ्या चिखलाचं. दुपारी ती थकून आली आणि पाय न धुताच ओसरीवर पडली. तिला झोप लागल्यावर मी तिच्या उजव्या पायातली तोरडी अलगद काढली. पेच ढिला होता. तिच्या घोट्याचा चिखल माझ्या बोटांना लागला, तो मी चड्डीला पुसला. एकच घेतली, कारण नंदीला मान एकच. यात माझा केवढा प्रामाणिकपणा होता, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावलं.

नंदी छुमछुम वाजत गेला. मला बक्षीस म्हणून पेन्सिल मिळाली. घरी आलो तर घरात आरडाओरडा चाललेला. बाई जागी झाली होती, पायात एकच तोरडी होती, आणि सकाळभर पाय चिखलात होते म्हणजे दुसरी चिखलातच गेली, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. बाईचंसुद्धा. बाबा आणि चार माणसं बांधीत वाकून चिखल चाळत होती. आई बाईला मारत होती. मी दारात उभा, एका हातात नंदीची दोरी, दुसरा हात खिशातल्या तोरडीवर.

त्या वेळी दोन शब्द बोललो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. मी बांधीवर गेलो. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली तोरडी रुमालात गुंडाळून पुरली. सगळं शांत झालं की काढून आणू, असा विचार होता. आठ दिवसांनी गेलो, तर मधल्या पावसात धुरा खचला होता आणि बाबांनी त्यावर नवी माती चढवली होती. मी हातांनी उकरून पाहिलं. सापडली नाही. मग मी गप्प राहायला शिकलो, आणि ते मला फार चांगलं जमलं.

उरलेली एक तोरडी आईनं मोडली. तिच्या चांदीतून माझ्यासाठी करदोटा घडवला. हो, माझ्यासाठीच! बाईच्या लग्नात तिला तोरड्या मिळाल्या नाहीत. "हिले कायले, हे बांधीत पेरते," असं कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. तेव्हापासून ती घरची म्हण झाली. बाईच्या हातात किल्ली द्यायची वेळ आली की कुणीतरी म्हणणारच, "नको देऊ, पेरून टाकते." बाई हसायची. मीही हसायचो, आणि जरा जास्तच मोठ्यानं.

गेल्या भाऊबीजेला मी बाईकडे एकोडीला गेलो होतो. तिच्या नातीला कानातले काढून ठेवायला कुणाकडे तरी द्यायचे होते. बाईनं हात पुढे केला, तर ती एवढीशी पोर म्हणाली, "तुले नाई आजी, तू पेरशीन." सगळे हसले. बाईही हसली आणि तिनं हात पदराखाली घेतला. तो हात मला दिसला. परतीच्या बसमध्येच मी फोनवर मशीन शोधायला सुरुवात केली.

तर फावडा.

पहिला फोटोत चांगला दणकट दिसत होता. खोकं उघडलं तेव्हा बायको जवळच उभी होती. तिनं तो दोन बोटांत धरून उचलला आणि म्हणाली, "हा तं उलथन्यापेक्षा लहान हाये. याच्यानं काय चिवडा हलवता?" फोटोशेजारी मापासाठी काही ठेवलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तो फावडा सध्या आमच्या तुळशीच्या कुंडीत आहे.

दुसऱ्याला एका बाजूनं करवतीसारखे दात होते, मागे छोटी कुदळ होती आणि दांड्याच्या टोकाला होकायंत्र. बायकोनं विचारलं, "बापाचं वावर सापडत नाई काय तुमाले?" परसात पहिला घाव घातला आणि फावडा सांध्यात घडी होऊन माझ्याच नडगीवर आला. तो परत पाठवला.

तेव्हापासून मी विषय नीट अभ्यासाला घेतला. वही केली. पात्याची जाडी, दांड्याची लांबी, वजन, सांध्याला नुसता खटका आहे की फिरवून घट्ट करायची कडी, दातांची धार. घेतलेल्या लोकांनी खाली लिहिलेले अभिप्राय मी रोज वाचायचो. ही माणसं बर्फ काढत होती, तंबूभोवती चर खणत होती, समुद्रकिनाऱ्यावर नाणी शोधत होती. चैत्रातल्या धानाच्या बांधीबद्दल कुणीच लिहिलेलं नव्हतं. ती माती आमच्याकडे उन्हानं अशी आवळते की सब्बल, म्हणजे पहारसुद्धा टणकन उडते.

एका दुपारी बायकोनं माझी वही चाळली. सगळे रकाने वाचले. मग म्हणाली, "एवढं पाहूनशान तं तुमी मलेबी पसंत नव्हतं केलं."

ते खरंच होतं. तिला पाहायला मी गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत होकार दिला होता.

शेवटी मी भंडाऱ्यातल्याच हार्डवेअरच्या दुकानात गेलो. आमची बोली अर्धी हिंदीतून चालते, तिच्यात बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात, आणि घडी घालायला हिंदीत मोडना म्हणतात. तेवढ्या भरवशावर मी विचारलं, "मोडणारा फावडा आहे का?"

दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. "गुरुजी, माझ्या बापापासूनचं दुकान हाये. मोडनारा माल आमी ठेवतच नाई."

"तसा नाही. म्हणजे मोडून पिशवीत ठेवता येईल असा."

"मोडल्यावर पिशवीत कायले ठेवता? भंगारात द्या ना!"

"अहो, मुडणारा. मुडणारा."

"मुडनारा म्हंजे वाकनारा. वाकला तं फावडा कामाचा कायचा?" त्यानं पोऱ्याला हाक मारून चार फावडे काढायला लावले, प्रत्येकाचा दांडा जमिनीवर आपटून दाखवला. "हा पाहा. याले हत्ती आनला तरी मोडत नाई."

शेवटी मी त्याच्या बिलबुकाच्या मागे चित्र काढून दाखवलं. त्यानं चित्र उलटसुलट फिरवून पाहिलं. "असं म्हना ना. फौजीवाला." नागपूरहून मागवून देतो म्हणाला, आणि दिला. हिरव्या रंगाचा, जाड पात्याचा, तीन घड्यांचा, सांध्यावर फिरवून घट्ट करायची कडी. मी पात्यावर उभा राहून पाहिलं. हलला नाही.

घरी त्याचं नाव मात्र 'मोडणारा'च पडलं. मी आणल्यावर आठ दिवस तो खाटेखाली होता. दांड्याला पकड कमी आहे, सायकलची ट्यूब गुंडाळावी का, असा मी विचार करत होतो. बायको झाडताना तो बाजूला सरकवत म्हणाली, "पाच महिने तुमी फावडा नाई शोधून राहिले. बहाना शोधून राहिले. कायचा, ते तुमी जाना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी निघालो. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

वावर आता आमचा एक शेजारी ठेक्यानं करतो. मोहाचं झाड उभं होतं, बुंधा दुपटीनं जाड झालेला. लाखोळीचं पीक काढून झालेलं होतं, आसपास कुणी नव्हतं. मी टॉवेल बाजूला केला, फावड्याच्या घड्या उघडल्या, मशीन चालू केलं. दहा मिनिटांत मशीन वाजलं. ट्रॅक्टरचा नट. पुन्हा वाजलं. विळ्याचं तुटकं पातं. मग बैलाच्या पायाची नाल. मग बाटलीची झाकणं, एकापाठोपाठ पाच. धुऱ्यावर बसून कोण एवढी प्यायला, हा विचार करत मी मान वर केली, तर ठेकेकरी समोर उभा.

"गुरुजी, कायले पेटी वाजवून राहिले?"

"काही नाही. सहज."

त्यानं मशीन पाहिलं, खड्डे पाहिले, आणि मग त्याची नजर फावड्यावर खिळली. त्यानं तो उचलला, घडी घातली, उघडली, पुन्हा घडी घातली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोनी सांगतलं? आत हंडा हाये काय?"

तिकडे पवनीच्या बाजूला जमिनीतून जुन्या विटा, जुनी नाणी निघाल्याचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे आमच्याकडे हंडा प्रत्येकाच्या डोक्यात आधीच पुरलेला आहे. साधा फावडा खांद्यावर टाकून आलो असतो तर कुणी वळून पाहिलं नसतं. गुरुजी धुरा दुरुस्त करून राहिले, एवढंच म्हणाले असते. टॉवेलाखाली घडी करून आणला, तिथेच मी पकडला गेलो. लपवलेल्या वस्तूचं असं होतं, हे मला तरी आठव्या वर्षापासून ठाऊक असायला हवं होतं.

तासाभरात धुऱ्यावर पंधरा-वीस माणसं बसली. सल्ले सुरू झाले.

"लिंबू आनलं काय?"

"पांढरा कोंबडा माह्या घरी हाये गुरुजी, सांगा."

"काही निघालं तं तहसीलदाराले सांगा लागते, ध्यानात ठेवजा."

मी मान खाली घालून खणत राहिलो. तीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिणारा माणूस वीस माणसांसमोर "सहज, छंद म्हणून" असं म्हणत होता. त्यांच्यातल्या कुणीतरी एकोडीला फोन केला असावा, कारण दुपारी उन्हाच्या भरात साकोलीहून बस बदलत बाई येऊन धडकली. डोक्यावर पदर, हातात चपला, बांधीतून तरातरा.

"बापाच्या वावरातलं धन एकटाच खाऊन राहिला काय रे बाबू? माहा वाटा कोठी हाये?"

लोक हसले. ती अर्धी थट्टेत होती आणि अर्धी खरंच रागावली होती. मी फावडा खाली ठेवला.

"बाई, धन नाही. तुझी तोरडी आहे."

"माही तोरडी त्या तिकडच्या बांधीत पडली."

"पडली नव्हती. तू ओसरीवर झोपली होतीस, तेव्हा मी काढली. नंदीसाठी. आणि मग इथे पुरली."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती धुऱ्यावर बसली. चपला शेजारी ठेवल्या आणि आपल्या उजव्या पायाकडे पाहत राहिली.

"मी झोपलो होतो?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हंजे चिखलात गेलीच नाई?"

"नाही."

तिनं उजव्या पायावरून हात फिरवला. मग हळू आवाजात, माझ्याशी नव्हे, पायाशीच बोलावं तसं बोलली. "त्या सालापासून दर रोवन्याले मी हाताने धानाचा रोवना लावो आन पायाच्या बोटायनं चिखल चाचपो. कोनाले सांगतलं नाई. लगन होऊन एकोडीले गेलो. तेथच्या बांधीत कोठची तोरडी? पन पाय आयकत नाई. वाकलं का बोटं शोधतेच."

मला लाज वाटली. वेगळा शब्द नाही त्याला. आईच्या माराची मला आठवण होती, लग्नातल्या हसण्याची होती, पण पन्नास पावसाळे चिखलात तोरडी शोधणाऱ्या त्या पायांचा हिशेब माझ्या कुठल्याच वहीत नव्हता. मी रडलो. लोक बघत होते, तरी रडलो.

"मंग बसला काय?" बाई म्हणाली. "खोद."

मी घाव घातला. माती टणक होती. तिसऱ्या घावाला ती फिरवून घट्ट केलेली कडी सैल झाली, फावडा मध्येच घडी झाला आणि माझं बोट सांध्यात सापडलं. मी ओरडलो. बाईनं फावडा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"हा कोठून आनला रे?"

"नागपूरहून मागवला. मोडणारा आहे."

"ते तं दिसूनच राहिलं," ती म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग ठेकेकऱ्याला हाक मारली, "भाऊ, एखादा न मोडनारा असन तं आना जी."

त्यानं घरून लांब दांड्याचा फावडा आणला. बाईनं पदर खोचला आणि स्वतः खणायला लागली. मी मशीन धरून पुढे पुढे. मी झाडाच्या पश्चिमेला खणत होतो, ती म्हणाली, तू त्या वयात सावलीत बसला असशील, दुपारची सावली इकडे पडते. तिकडे मशीन वाजलं. हातभर माती काढल्यावर काळी पडलेली, एका बाजूनं दबलेली तोरडी निघाली. रुमालाचा मागमूस नव्हता. पेच तसाच, ढिला.

बाईनं ती पदरानं पुसली आणि घोट्याला लावून पाहिली. पाय आता सुजलेला असतो, तोरडी अर्ध्यापर्यंतच पोचली. तिनं ती मुठीत धरली आणि उठून उभी राहिली.

"आता सांग."

"कोणाला?"

"ह्या सगळ्याइले. म्या नाई पेरली म्हनून सांग. मोठ्यानं सांग, वर्गात सांगतं तसा."

मी सांगितलं. नंदीपासून करदोट्यापर्यंत सगळं. शेवटी मागून तो कोंबडेवाला म्हणाला, "म्हंजे माहा कोंबडा वाचला." त्यावर लोक पोट धरून हसले. बाई सगळ्यांत जास्त हसली. या वेळी मी हसलो नाही. माझी पाळी संपली होती.

खड्डे बुजवून मी संध्याकाळी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिनं नेमका तोच प्रश्न विचारला जो विचारू नये असं मला वाटत होतं. "मंग तो करदोटा कोठी हाये?"

करदोटा आमच्या लग्नात मोडून तिची जोडवी केली होती. ती खाली आपल्या पायांकडे पाहत राहिली. "बाप्पा! म्हंजे चोरीचा अर्धा माल मीच घालून फिरतो!" दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याशिवाय एकोडीला गेली, आणि दोघींनी मिळून माझ्याबद्दल काय काय ठरवलं ते मला सांगितलेलं नाही. एवढं कळलं की जोडवी बाईनं घेतली नाहीत. "पायातलं काढून घ्याची रीत तुह्या नवऱ्याची, माही नाई," असं ती म्हणाली.

आता बाईकडे गेलो आणि कुणाला काही ठेवायला द्यायचं झालं की सगळे माझ्यापासून लपवतात. बाईची नात म्हणते, "आजोबाले नका देऊ, पुरून टाकतेत." मी ते ऐकून घेतो. मोडणारा फावडा खाटेखालीच आहे. बायको त्यावर नारळ फोडते.

आषाढात, रोवण्याच्या दिवसांत, बाईचा दुपारी फोन आला. मागे बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, ती धुऱ्यावर जेवायला बसली होती.

"बाबू, आज रोवना सुरू केला."

"बरं झालं."

"तोरडी घरी पेटीत हाये. सकाळी पाहूनच आलो."

"मग?"

"मंग काय. मले माहीत हाये," ती म्हणाली. "पायाले अजून माहीत नाई."